काण्या बैलाची लाथ

बैल ताकदीनं पडत नाही, तोल चुकवून पडतो. हे मी शंभर वेळा सांगितलंय, पण बघायला उभे राहणारे पुरुष असे तोंड वासून बघतात की जणू ही बाई मंत्र मारते. मंत्र कसला डोंबलाचा! पोटाखालून दोर घ्यायचा, पायांत सोडायचा, आणि बैल एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो ना, नेमकं तेव्हा ओढायचं. गुडघे मोडतात, धूळ उडते, झालं. मग मानेवर बसून शिंग दाबायचं, चारी पाय एकत्र बांधायचे, दुबेळक्या लाकडावर टेकवायचे आणि नवऱ्याला सांगायचं, "हं, मार." तो सुऱ्यानं नख तासतो, लोखंडी पत्री ठेवतो, खिळे ठोकतो. तो नालबंद. मला लोक दोरवाली म्हणतात. वीस वर्षं आम्ही दोघांनी हेच केलं. चारचौघांत मी त्याला 'अहो' म्हणते, पण बैल पडत असला की 'अरे'. तेव्हा मान द्यायला वेळ कुणाला असतो?

त्या वर्षी मोठ्या रस्त्यावर नवी खडी टाकली. वरून दाबलीही नाही नीट. आठ दिवसांत सगळ्या गाड्यांचे बैल लंगडायला लागले आणि आमच्या अंगणात रांग लागली. ऊन असं की खिळ्यांचा डबा हातात धरवत नव्हता. अशा दुपारी वीटभट्टीचा गाडीवान त्याचा काणा बैल घेऊन आला. बैलाचा डावा डोळा पांढरा, पार गेलेला.

"डाव्या अंगानं जाऊ नका," गाडीवान म्हणाला. "त्याला दिसत नाही, दचकतो."

नवरा तेव्हा आमच्या लोहारभट्टीचा भाता मारत होता, त्यानं काही ऐकलं नाही. मी ऐकलं. मी मानही हलवली. आणि दोर टाकून झाल्यावर, सवयीनं, सरळ डाव्या अंगानं गेले.

लाथ छातीवर बसली. डावीकडे. मी उडून चुलाणाच्या विटांवर आपटले. किती तरी वेळ श्वासच येईना, तोंड उघडं आणि हवा आत जाईना. नवरा धावत आला, माझ्याकडे बघितलं, गाडीवानाकडे बघितलं.

"काणा आहे हे सांगायला तुझी जीभ झडली होती का रे?"

"सांगितलं होतं मी!"

"मला नाही सांगितलंस!"

पुढचं मी जमिनीवरून पाहिलं. नवऱ्याच्या हातात खिळे मारायची हातोडी होती, ती त्यानं टाकली नाही. गाडीवानानं तोंड वाचवायला उजवा हात वर केला. मनगटाचा आवाज आला, ओली काटकी मोडावी तसा. तो खाली बसला तरी नवरा थांबला नाही, लाथा घालत राहिला, आणि चार माणसं मध्ये पडली तेव्हा कुठे मागे सरला. माझ्यात तोवर बोलायचा दम आला होता. 'सांगितलं होतं त्यानं,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. नवरा माझ्यासाठी एवढा पेटलाय हे बघून, खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं मला. मी गप्प पडून राहिले.

छातीवर जांभळा डाग आला, मग पिवळा झाला, मग गेला. खाली गाठ राहिली. तेल लावताना नवऱ्याच्या बोटाला लागली.

"रक्त साकळलंय," तो म्हणाला. "खुराचा मार असाच बसतो."

मलाही तेच वाटलं. बैलांच्या अंगावर आम्ही असल्या गाठी आयुष्यभर बघितल्या होत्या. मिठाच्या पाण्यानं शेकलं. एरंडाची पानं बांधली. गाठ काही हलेना. दोन महिन्यांनी लिंबाएवढी झाली. आमच्या धंद्यात जी सूज फुटत नाही आणि विरतही नाही तिच्यावर डाग देतात. लोखंड लाल करून दोन रेघा, एक उभी, एक आडवी. बैल हंबरतो, महिन्याभरात सूज उतरते. मीच म्हटलं, "दे डाग."

"वेडी आहेस का?"

"बैलाला चालतं ते मला का चालू नये? मी काय त्याच्यापेक्षा नाजूक आहे?"

सकाळी त्यानं भट्टी पेटवली. मी दातांत चामड्याचा पट्टा धरला आणि खांबाला पाठ लावून बसले. पहिली रेघ ओढली तेव्हा डोळ्यांपुढे पांढरं झालं. स्वतःच्या मांसाचा वास कसा असतो हे कुणाला कळू नये. पट्टा तोंडातून पडला. मी म्हटलं, "बस. बस झालं." स्पष्ट म्हटलं. त्यानं ऐकलं, कारण त्याचा हात थबकला. मग म्हणाला, "एका रेघेनं काही होत नाही," आणि गुडघा माझ्या मांडीवर दाबून दुसरी ओढली.

नंतर तो परसात जाऊन ओकला. पण ओढली ती ओढलीच.

जखम बरी झाली, गाठ बरी झाली नाही. काखेत दुसरी आली तेव्हा आम्ही बस पकडून मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, कपाळावर कायम आठी. माझी छाती बघितली आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे कुणी केलं?"

नवरा खाली बघायला लागला. बाई त्याला म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा."

"मीच सांगितलं होतं करायला," मी म्हटलं. "तो नालबंद आहे. बैलानं लाथ मारली, त्यामुळे गाठ आली."

सुई टोचून तुकडा काढला, आठ दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा दोघांना समोर बसवलं आणि कॅन्सर म्हणाली. आणि मग जे सांगितलं ते त्या शब्दापेक्षाही जास्त लागलं.

"लाथेनं कॅन्सर होत नाही. ही गाठ त्याच्या आधीपासून आत असणार, वर्ष, कदाचित दोन वर्षं. लाथ बसली म्हणून तुमचा हात तिथे गेला, एवढंच. तेव्हाच आला असतात तर लहान असताना सापडली असती."

नवरा म्हणाला, "म्हणजे बैलानं दाखवून दिली?"

"तसं म्हणा हवं तर."

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यानं भिंतीवर डोकं आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना मी त्याची कॉलर धरली. "भिंत सरकारी आहे," मी म्हटलं. "फुटली तर भरून द्यावी लागेल."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं होतं. गाडीवानाचं मनगट वाकडं जोडलं गेलं होतं. उजव्या मुठीत कासरा टिकत नव्हता, वीटभट्टीवाल्यानं त्याला गाडीवरून काढून विटा मोजायला बसवलं होतं. काणा बैल मात्र त्याचा स्वतःचा, तो त्याच्याकडेच होता. नवरा दुसऱ्याच दिवशी त्याच्या दारात गेला. उंबऱ्यावर आपला उजवा हात ठेवला आणि म्हणाला, "मोड."

गाडीवानानं त्या हाताकडे बघितलं आणि बाजूला थुंकला. "मोडायला दोन हात लागतात. तू माझा एकच ठेवलास."

नवऱ्यानं मला हे घरी येऊन सांगितलं. तेव्हाही मी बोलले नाही. गाडीवानानं सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं, हे माझ्या पोटात तसंच राहिलं.

ऑपरेशन झालं. डावी बाजू सपाट. काखेतलंही काढलं, त्यामुळे डावा हात खांद्याच्या वर जाईना आणि संध्याकाळपर्यंत सुजायचा. या हातानं जड उचलायचं नाही, याला सुई टोचू द्यायची नाही, जखम होऊ द्यायची नाही, असं बजावलं. मग दर तीन आठवड्यांनी एक असे सहा डोस. त्यातलं औषध लाल. शिरेत शिरलं की अर्ध्या तासात जिभेवर गंजलेल्या खिळ्याची चव यायची. पहिले आठ-दहा दिवस मी माणसात नसायचे. तोंडात फोड, पाणी गिळताना काच गिळल्यासारखं. पोटात काही नसतानाही उलटी. नवरा घमेलं धरायचा. एकदा घमेलं पुढे करायला उशीर झाला म्हणून मी त्याला पितळी तांब्या फेकून मारला. कपाळ फुटलं. त्यानं रक्त पुसलं आणि घमेलं धरलं. त्याचा मला इतका राग आला! मारायचं ना उलट, निदान शिवी द्यायची. वीस वर्षं मला तोडीस तोड बोलणारा माणूस, डॉक्टरीणबाईनं सांगितल्यापासून गोगलगाय झाला होता. 'खातेस का गं', 'पडतेस का गं'. मी मेले नव्हते, पण घरात सुतक पाळल्यासारखा हळू बोलायचा.

धंदा त्यानं एकट्यानं चालवायचा प्रयत्न केला. जे बैल उभ्यानं पाय देतात तेवढेच घ्यायचा. दोनदा बोटं चेचून घेतली. दोर कुणी टाकायचा? बैल पाडणं त्यानं कधी शिकलंच नव्हतं. त्याला गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या डोसाला वीस दिवस झाले होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी चौथा. अंगात जरा जीव आला होता. अंगणात एका शेतकऱ्याचा ओळखीचा बैल आला, ज्याच्या पायांत मी पाच वर्षं दोर टाकत आले होते. म्हटलं, पाडणार नाही, नुसती वेसण धरते. नवरा नको नको म्हणत होता. मी बाहेर गेले. उकडत होतं म्हणून डोक्याचं फडकं काढलं होतं. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत. बैलानं माझ्याकडे बघितलं आणि असा बिचकला की वेसण हातातून निसटली. मी तोंडावर पडले, शेणात. तो खुंटा उपटून कुंपणापर्यंत गेला.

कुणीतरी हसलं. एकच माणूस, तोही लगेच गप्प झाला. पण हसला.

नवऱ्यानं भट्टीतली सांडशी उचलली. हसणाऱ्याला नाही मारलं त्यानं, बैलाला मारलं. कुंपणात कोंडून तोंडावर, पाठीवर, बरगड्यांवर, जिथे बसेल तिथे. बैलाच्या नाकातून रक्त आलं. ज्या माणसानं आयुष्यात कधी बैलाच्या पायात वाकडा खिळा जाऊ दिला नाही, तो "ओळखत नाहीस का तिला? ओळखत नाहीस?" असं ओरडत मारत होता. बैलाच्या मालकानं त्याला ढकलून पाडलं आणि बैल घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुझ्या दारात परत पाय ठेवणार नाही."

मी शेण पुसलं आणि म्हटलं, "बस झालं. उद्या मी जात नाही. तीन झाले तेवढे पुरे."

"सहा घ्यायचे आहेत."

"तू घे राहिलेले."

सकाळी आठला बस असते. सात वाजता मी अंगणात दात घासत होते, तेव्हा मागून पोटाला दोर लागला. कळायच्या आत पायांत उतरला. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांत सोडला तो दोर, आणि माझ्या घरच्या माणसानं तो माझ्याच पायांत टाकला. ओढला त्यानं. पाडलं मला. पण पाडताना उजव्या अंगावर पाडलं आणि डोक्याखाली तळहात घातला. किमती बैलाला पाडतात तसं.

"सोड मला! हरामखोरा, सोड!"

"नाही सोडणार. उचलून नेतो बसमध्ये. लोक बघू देत."

मी त्याच्या हाताला चावले. रक्ताची चव आली, त्या गंजक्या चवीपेक्षा बरी होती. तो माझे पाय बांधत होता. मी टाच मारली आणि गाठ सुटली. त्यानं परत बांधली, परत सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा एवढ्या संतापातही मला हसू फुटलं.

"असल्या गाठीत वासरूसुद्धा राहायचं नाही रे."

तो दोर हातात धरून तसाच माझ्या पायांशी बसला. नाकातून पाणी, हातातून रक्त.

"येत नाही मला," तो म्हणाला. "तू मेलीस तर मला एक बैल पाडता यायचा नाही."

"म्हणजे दोर धरायला हवी मी?"

"हो! दोर धरायला!" तो एकदम ओरडला. किती महिन्यांनी ओरडला! "दोर धरायला, शिव्या द्यायला, तांब्या फेकायला! आणखी कशाला हवी असतात माणसं? मला एकट्याला जमत नाही गं. नाही जमत!"

अशी मागणी मला कुणी घातली नव्हती, अगदी लग्नाच्या वेळीसुद्धा. मला रडू आलं. पण राग काही गेला नव्हता, आणि तो कशाचा होता ते मला तेव्हा कळलं.

"डाग देताना मी बस म्हटलं होतं," मी म्हटलं. "ऐकलं होतंस तू."

त्यानं मान खाली घातली. "ऐकलं होतं."

"आज नाही म्हटलं, तर दोर घेऊन आलास."

मी उठले. "उभा राहा. गाठ दाखवते. नीट बघ."

तो मुकाट उभा राहिला. मी दोर उजव्या हातात घेतला, त्याच्या कमरेखालून पायांत सोडला. त्यानं डाव्या पायावरचा भार उजव्यावर टाकला आणि मी अंग मागे टाकून ओढलं. धाडकन पडला. मी त्याच्या मानेवर गुडघा दिला. हात पाय एकत्र घेतले, उजव्या हातानं आणि दातांनी गाठ मारली. दोर कातडीत रुतला.

"बस," तो म्हणाला. "बस, रुततंय."

मी आणखी एक वेढा दिला.

त्याच्या तोंडातून आवाज निघाला, पण त्यानं दुसऱ्यांदा बस म्हटलं नाही. मी कपडे झटकले, डोक्याला फडकं बांधलं, दवाखान्याची पिशवी घेतली.

"कुठे चाललीस?"

"डोस घ्यायला. मला कुणी पाडून न्यायचं नाही. माझे पाय मोडलेले नाहीत."

"आणि मी?"

"तू पड."

वळणावर गाडीवान भेटला. काणा बैल घेऊन येत होता, कासरा डाव्या हातात. बैल पुढच्या पायानं लंगडत होता. इतके दिवस तो याला पाच गावं पलीकडच्या नालबंदाकडे नेत होता, पण आता बैलाला तेवढंही चालवेना. मला बघून त्यानं नजर वळवली.

"घरी आहे का तो?"

मी थांबले. बैलाच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी तू सांगितलं होतंस," मी म्हटलं. "डाव्या अंगानं जाऊ नका म्हणून. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे. तुम्ही मान हलवली होती, वहिनी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्हाला तर माहीतच होतं."

कानफटात बसल्यासारखं झालं. बस लांबून दिसायला लागली होती.

"तो अंगणात आहे," मी म्हटलं. "बांधून ठेवलाय. गाठ माझी आहे, सुटायची नाही. तुझं काय देणं असेल ते देऊन टाक. पण हातांना धक्का लावू नकोस, आम्ही त्यावर खातो. आणि जाताना माझं काम कर. मी काय ऐकलं होतं, ते तू त्याला सांग. मला नाही जमलं."

मी धावत बस पकडली.

दवाखान्यात खाटेवर पडले. उजव्या हातात सुई, वर लाल बाटली. साडेअकराला नवरा आला. ओठ फाटलेला, नाक नाकाच्या जागी नव्हतं, कानामागे रक्त वाळलेलं. हात शाबूत. माझ्या उशाशी स्टूल ओढून बसला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

"किती बसल्या?" मी विचारलं.

"मोजल्या नाहीत. मानेवर बसूनच मारल्या त्यानं, तू बसतेस तसं. दमला, पाणी प्यायला, परत मारल्या. मग सांगितलं."

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते."

मी छताकडे बघितलं. तो रागावेल, उठून जाईल असं वाटलं. जायला हक्क होता त्याचा. तो गेला नाही. म्हणाला, "आपण दोघांनी मिळून मोडला त्याचा हात."

"हो."

"बैलाला पत्र्या मारून दिल्या मी. उभ्यानं. शिंग त्यानंच धरलं, एका हातानं. उद्यापासून दुपारी येतो म्हणाला, बैल धरायला. बोलणार नाही म्हणाला माझ्याशी, नुसता धरीन."

"सोडवलं कसं त्यानं तुला?"

"तुझी गाठ काही त्याला सुटली नाही. कापला दोर. नख तासायच्या सुऱ्यानं."

मी उठूनच बसले. सुई हलली, सिस्टर ओरडली. "कापला? माझा दोर? किती ठिकाणी?"

"चार."

"चार! अरे, पूर्ण उन्हाळा वळत होते मी तो! मांडीची सालटी निघाली होती! एवढा बांधलेला पडला होतास, दोन तास आणखी पडला असतास तर मेला असतास का?"

"मग बरी हो आणि दुसरा वळ," तो म्हणाला. फाटक्या ओठानं, चांगला खेकसून.

तोंडात गंजाची चव यायला लागली होती. त्यानं न सांगता घमेलं उचललं. मी त्याला म्हटलं, "घरी गेल्यावर पहिलं काम. बांधावरच्या घायपाताची पानं तोड आणि डबक्यात टाक. वर दगड ठेव, नाहीतर तरंगतात. दोराचा वाख सुटायला दहा दिवस लागतात."

"आणि मग?"

"मग काय? दहाव्या दिवशी मी उठते."